कमी आकडा खरा

जालन्यात मला खोली मिळाली ती एका अटीवर, आणि ती अट ऐकून माझ्याआधीचे अकरा भाडेकरू पळून गेले होते. अकरा हा माझा आकडा. घरमालकांना, म्हणजे चाचांना, विचारलं असतं तर ते म्हणाले असते, तीन.

अट अशी होती: भाडं दोन दिवस मागंपुढं झालं तरी चालेल, कुत्रं पाळलं तरी चालेल, घसा फाडून गाणी म्हटली तरी चालेल, पण दर रविवारी सकाळी सात वाजता घरमालकाबरोबर दगड बघायला यायचं. नाही आलात, तर सोमवारी तुमची गादी ओट्यावर.

मी नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत नुकताच लागलो होतो. आठवडाभर शिवारं तुडवून माझ्या बुटांचे तळ इतके झिजायचे की रस्त्यावर पडलेलं नाणं छापा आहे की काटा, हे मला न वाकता कळायचं. रविवार झोपेसाठी होता. पण जुन्या जालन्यात एवढी हवेशीर खोली दुसरी दिसेना, म्हणून मी मान हलवली. मनात म्हटलं, म्हातारा आहे, दोन रविवारांत दमेल. म्हातारा दमला नाही. तिसऱ्या रविवारी मीच अंबडच्या बारवेच्या पायऱ्यांवर मांडी घालून बसलो आणि इथंच मला पुरा म्हणालो.

चाचांनी चाळीस वर्षं खदानीत सुरुंग उडवले होते. मराठवाड्यातल्या निम्म्या रस्त्यांची खडी त्यांनीच फोडलेली, असं मी पाहुण्यांना सांगायचो. काम सुटलं आणि हा माणूस, लाकूडतोड्यानं म्हातारपणी रोपवाटिका काढावी तसा, न फोडलेल्या दगडांच्या प्रेमात पडला. अंगणात त्यांनी इतके दगड आणून ठेवले होते की चूळ भरायला जाताना नकाशा लागायचा. कापल्या कणसासारखे दाणेदार दगड, पोटात पांढऱ्या सुया भरलेले दगड, सहा बाजूंचे ठोकळे. छोट्या हातोडीनं ते एकेकाला टकटक करायचे. कुणी घंटेसारखा वाजायचा, तो बोलका. कुणी मडक्यासारखा बद्द वाजायचा, तो मुका. मुक्याला ते जास्त जपायचे, कारण त्याला स्वतःबद्दल काही सांगता येत नाही म्हणे.

त्यांना राग यायचा तो एकाच प्रश्नाचा. जालन्यात बघायला काय आहे? हा प्रश्न विचारणाऱ्याला त्यांनी चहा पाजल्याचं मला आठवत नाही. लोक अजिंठ्याला जातात, वेरूळला जातात, लोणारला जातात आणि जालन्यात फक्त पंक्चर काढतात, हे त्यांचं दुखणं होतं. मग ते त्या माणसाला धरायचे आणि अन्व्याच्या मंदिरापासून भोकरदनच्या लेण्यांपर्यंत सगळं फिरवून आणायचे. माणूस परत यायचा तेव्हा त्याची बायको त्याला ओळखायची नाही.

दगडावर पोचलं की चाचा आधी चपला काढायचे. अन्व्याला पुजाऱ्याला वाटलं, केवढी ही श्रद्धा, आणि त्यानं दोन पेढे जास्त दिले. चाचांनी पेढे खाल्ले. श्रद्धा वेगळी होती. त्यांचा डावा कान पूर्ण गेलेला होता आणि उजवा सोयीनं चालायचा, म्हणून ते तळव्यांनी ऐकायचे. दूर कुठं खदानीत बार उडाला की आपल्याला तो कानाला कळतो, त्यांना पायाला कळायचा, आणि आपल्याआधी कळायचा. मी पहिल्यांदा हसलो होतो. मग एकदा भोकरदनच्या रस्त्याला त्यांनी बोट वर केलं, म्हणाले, आला, आणि त्यानंतर माझ्या कानात धप्प झालं. तेव्हापासून मी हसत नाही.

आणि तेव्हापासून मला कामाला लावलं गेलं. खदानीत मोजणारे दोघं लागतात. आधी किती भोकांत दारू भरली ते मोजायचं, मग वाती पेटल्या की किती आवाज झाले ते दोघांनी, एकमेकांशी न बोलता मोजायचं. दोघांचा आकडा जुळला आणि तो भोकांएवढा भरला, तर चपला घालायच्या. नाही जुळला, तर कमी आकडा खरा धरायचा. म्हणजे एक बार अजून आत आहे आणि तो कधीही उठेल, असं समजून अर्धा तास जागचं हलायचं नाही. अर्धा तास घड्याळाचा नाही. तीन बिड्या, निवांत ओढलेल्या.

दूरच्या कुठल्याही खदानीत बार उडाले की चाचा थांबायचे आणि विचारायचे, "कित्ते?" मी सांगायचो. आता माझ्या तोंडाची एक जुनी खोड आहे. आकडा त्यातून बाहेर पडताना जरा फुगतो. चाराचे सहा होतात. एकदा असेच झाले, आणि चाचा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "किरायदार, गोष्ट वाढव. बिलकुल वाढव, मला बी मजा येते. आकडा नक्को."

का नको, ते त्यांनी एकदाच सांगितलं. रस्त्यासाठी कापलेल्या एका डोंगराच्या कडेला आम्ही उभे होतो. काळ्या दगडाचा थर, त्यावर हातभर जाड लाल मातीचा पट्टा, त्यावर पुन्हा काळा थर. चाचांच्या मते पहाड म्हणजे तापलेलं दूध. ओतलं, साय धरली, पुन्हा ओतलं, पुन्हा साय. लाल पट्टा म्हणजे मधल्या काळात पहाडानं खाल्लेला दम. किती वर्षं दम खाल्ला, मी विचारलं. ते म्हणाले, आपण मोजलं न्हाई, मंग कशाला सांगायचं. आणि त्या लाल मातीवर हात ठेवून, जणू बसची वेळ सांगावी तसं त्यांनी सांगितलं की तरुणपणी त्यांचा थोरला भाऊ त्यांच्याबरोबर मोजायचा.

"भाई म्हनला सहा. माझे पाच. भाई मोठा व्हता, मी गप बसलो."

भाऊ पुढं चालत गेला. चाचांचा डावा कान त्या दिवशी गेला. एवढं सांगून त्यांनी मला विचारलं, पाण्याची बाटली आणली का.

भावाचं सोडलं, तर इथपर्यंतचं सगळं मी लग्नमुंजीत सांगतो आणि लोक हसतात. पुढचं फारसं सांगत नाही.

त्या वर्षी मला एक मुलगी सांगून आली होती. आरोग्य केंद्रात नर्स. वडील हसनाबादचे, हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, सगळा गाव त्यांना गुरुजी म्हणायचा. पसंती दोन्हीकडून जवळजवळ झाली होती. गुरुजींचं म्हणणं एवढंच की मुलाचं बिऱ्हाड एकदा डोळ्यांनी बघतो. आले ते रविवारी, पावणेसातला, मुलीला घेऊन. गुरुजींनी खिडकी उघडून बघितली, नळ सोडून बघितला, संडासाची कडी आतून लावून बघितली. मी मागंमागं फिरत कंपनीत माझ्यावाचून कसं पान हलत नाही, ते सांगत होतो. मुलगी अंगणातले दगड बघत होती.

सातला चाचा पिशवी घेऊन दारात उभे. मी डोळा मारला, भुवया उडवल्या, माझ्या चेहऱ्यावर होते नव्हते तेवढे स्नायू हलवले. पण चाचांना खुणा कळत नसत. त्यांनी गुरुजींना विचारलं की तुम्ही हसनाबादचे, मंग तुमच्याजवळच्या टेकडीतली गुहा बघितलीच असेल.

गुरुजी म्हणाले, आमच्या भागात गुहा नाही. तिथं मी बत्तीस वर्षं भूगोल शिकवलाय.

चाचा म्हणाले, हाय.

मुलगी म्हणाली, चला ना मग, तसंही घरी त्याच बाजूला जायचंय. आणि अशा रीतीनं माझं लग्न एस.टी.त बसून डोंगर बघायला निघालं.

गाव अजून पुढं असताना चाचांनी आम्हाला उतरवलं. टेकडीच्या पायथ्याला एक खदान नवी सुरू झाली होती. गुहेकडची पायवाट त्या खदानीच्या तोंडावरूनच वर जायची. चाचा सरळ खदानीत उतरले, काठीनं एकेक भोक शिवत गेले आणि वर येऊन मला म्हणाले, आठ. मला दोनदा म्हणायला लावलं. मुकादम गॉगल घातलेला तरुण होता, आदबीनं बोलला. म्हणाला, बारा वाजता उडवतो चाचा, तुम्ही तवर गुहेत बसा, तिकडं काही येत न्हाई, आणि आमची शिट्टी झाली की उतरा. त्याच्याकडं दुसरा मोजणारा कोण, हे चाचांनी विचारलं. मुकादम हसला. म्हणाला, मी हाय ना.

चाचा चपला हातात घेऊन चढत होते, मुलगी त्यांच्या मागं होती. तिला नर्स म्हणून लोकांचे पाय बघायची सवय. ती अचानक म्हणाली, "चाचा, थांबा. टाचेत काटा आहे."

चाचांनी खाली बघितलं. दगडावर रक्ताचे ठिपके पार खालपासून आले होते. काटा बाभळीचा होता, बोटाच्या पेराएवढा. मी अन्यत्र तो वीतभर सांगितलेला आहे. तिनं काढला, रुमाल बांधला, चपला घालायला लावल्या आणि विचारलं, कळलं नाही का तुम्हाला? साखर किती दिवसांपासून आहे? पायाला मुंग्या येतात का? चाचा म्हणाले, चढताना कुनाचं लक्ष असतं. पण मी त्यांचं तोंड बघितलं. ज्याला चष्मा पुसूनही अक्षर दिसत नाही, त्या माणसाचं असतं तसं ते तोंड झालं होतं.

गुहा मात्र चाचांनी सांगितली होती तशीच निघाली. लहान तोंड, आणि आत वाकून गेलं की डोंगराच्या पोटात शिरलेला लांब, गोल, गुळगुळीत बोगदा. माणसानं कोरलेला नव्हे. वरचा थर निवून घट्ट झाला, आतला तापलेला रस पुढं वाहून गेला आणि नळी रिकामी राहिली. छतावर थेंब लोंबता लोंबता गोठले होते. आम्ही बोललो की आवाज पुढं जाऊन कुणाशी तरी बोलून परत यायचा. गुरुजी बराच वेळ भिंतीला हात लावून उभे राहिले. मग म्हणाले, पुस्तकात असती तर मी आलो असतो.

बाराला खाली इशाऱ्याची शिट्टी झाली. चाचांनी आम्हाला तोंडापासून आत घेतलं, रुमाल सोडला, चपला काढून एका बाजूला जोडीनं ठेवल्या, पाय फाकवून दगडावर उभे राहिले आणि डोळे मिटले. मी मुलीशेजारी बसलो होतो. बार सुरू झाले. प्रत्येक बाराला छतातून माती गळायची. एक. दोन. तीन. चौथ्यानंतर मुलीनं हळूच विचारलं, तुम्ही खरंच दर रविवारी येता?

एवढंच पुरे झालं. मी तिला मागच्या महिन्यात रोहिलागडाकडं मला भेटलेला बिबट्या सांगायला घेतला. बिबट्या मला भेटला नव्हता. भेटलं होतं ते मांजर, तेही घाईत होतं. पण मी सांगत गेलो तसा तो वासराएवढा झाला, मी त्याच्या डोळ्यांत डोळे घातले, त्यानं मान खाली घातली, आणि गोष्ट संपली तेव्हा बार थांबले होते.

"कित्ते?" चाचांनी विचारलं.

"आठ," मी म्हणालो. पापणीसुद्धा हलली नाही.

चाचांनी डोळे उघडले. "माझे सात."

मग ते नियमाप्रमाणे बोलले. कुणी हलायचं न्हाई. त्यांनी बिडी काढली.

गुरुजींना हे समजावून सांगावं लागलं आणि समजल्यावर ते चिडले. दोन वाजता त्यांच्या घरी पाव्हणे यायचे होते. ते शिक्षकी आवाजात, फळ्यावर मुद्दे लिहावेत तसं म्हणाले की चाचा, तुमचा एक कान बंद आहे, पायात काटा शिरलेला तुम्हाला कळत नाही, आणि हा चांगल्या कानांचा तरुण आठ म्हणतो. मग कुणाचं धरायचं? दोन बार एकदम उडाले असतील, तुम्हाला एक वाटला असेल.

चाचांकडं याला उत्तर होतं. दोन एकदम उडाले तर तळव्याला वेगळं लागतं. हे ते शंभर वेळा बोलले होते. आज बोलले नाहीत. त्यांनी टाचेकडं बघितलं. रक्त सुकलं होतं. बिडी हातातच राहिली, पेटवली नाही.

तेवढ्यात खाली पुन्हा शिट्टी झाली, लांब. सगळं ठीक, या, अशी. मी गुहेच्या तोंडाशी आलो. खाली आडोशामागून चार माणसं पहारी खांद्यावर टाकून निघाली होती आणि त्यांच्यामागं ट्रॅक्टर, गाणं मोठ्यानं लावलेला. चाचांनी हाक मारली. वारा आमच्या तोंडावर होता, हाक आमच्याच अंगावर पडली.

चाचा माझ्याजवळ आले. इतके जवळ की त्यांचा चांगला कान माझ्या तोंडाशी आला. हळू बोलले, गुरुजींना ऐकू जाणार नाही असे.

"माझ्या पायाचा आता भरोसा न्हाई. आठ असले तर मी येडा म्हातारा, बसून राह्यतो. सात असले तर ती मानसं चालून राह्यली बारावर. तू सांग. खरंच मोजले का?"

मी आजवर शपथेवर सांगितलेल्या खोट्या गोष्टी एका पोत्यात मावणार नाहीत. त्या क्षणी मात्र मला फक्त दोन माणसं दिसत होती. मागं उभे असलेले गुरुजी, ज्यांना मी नुकताच चांगल्या कानांचा तरुण वाटलो होतो, आणि त्यांच्या शेजारी ती, जी माझ्याकडंच बघत होती. एक शब्द बोलायचा नाही, एवढंच करायचं होतं. आठ असण्याची शक्यताही होतीच की. खाली पुढचा माणूस चालता चालता थांबला, तंबाखू मळली, मागच्याला दिली, आणि पुन्हा चालू लागला.

"चार," मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "चारच मोजले, चाचा. पुढं मी बोलत होतो."

चाचांनी मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी माझ्या छातीला हात लावून मला खाली दाबलं. "दारात आडवा झोप. ह्यांना बाहेर सोडू नक्को." आणि ते अनवाणी, हातात टोपी घेऊन उतरू लागले. उतरताना ओरडत होते ते खदानीतलं जुनं ओरडणं, शब्द नसलेलं, लांबवलेलं, जे मी कधी ऐकलं नव्हतं.

मी गुहेच्या तोंडात पाठीवर आडवा झालो. गुरुजी माझ्या डोक्याशी येऊन थांबले. आपल्याकडं झोपलेल्या माणसाला ओलांडत नाहीत, आणि होऊ घातलेल्या जावयाला तर नाहीच. मला आकाश दिसत होतं आणि गुरुजींचं नाक. खाली काय चाललं होतं ते मुलगी सांगत होती, ड्युटीवर ताप सांगावा तशा सपाट आवाजात. चाचा पायथ्याला पोचले. ट्रॅक्टरपुढं उभे राहिले. मुकादम आला. हातवारे करतोय, वरती बोट दाखवतोय. माणसं हसतायत. एक जण बाजूनं पुढं जातोय. चाचांनी त्याची पहार धरली. सोडत नाहीत. ड्रायव्हर उतरला. गाणं बंद केलं.

मग ती बाहेर वाकून बघू लागली. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, भांडतायत.

मी डोळे मिटले होते की उघडे, आठवत नाही. पाठ दगडाला टेकलेली होती, आणि त्या दगडानं मला मागून एक ठोसा दिला. बारीक, आखूड, दोन खांद्यांच्या मधोमध. आवाज नव्हता. मला वाटलं, माझंच काळीज असेल. आणि मग आवाज आला.

धुरळा बसायला किती वेळ लागला, हे मी कधीच बरोबर सांगू शकलेलो नाही. चौघं पहारवाले जमिनीवर पालथे होते आणि चौघंही उठले. ट्रॅक्टरच्या पुढं, दोन ढांगांवर, एक धोंडा येऊन पडला होता. तो मी इतर ठिकाणी हत्तीएवढा सांगितलाय. तो कलिंगडाएवढा होता. चाचा बाराकडं पाठ करून उभे होते, पहार अजून हातात. त्यांनी वर आमच्याकडं बघितलं, पहार खाली टाकली आणि हात वर करून बोटं दाखवली. एका हाताची पाच, दुसऱ्याची तीन.

आम्ही उतरलो. मुकादम गॉगल काढून धोंड्यावर बसला होता आणि पाणी पिता पिता पाणी सांडत होता. मी येताना चाचांच्या चपला उचलून आणल्या होत्या. त्या पुढं केल्या. चाचांनी त्या माझ्या हातातून घेतल्या नाहीत. मुलीला विचारलं, "बेटी, कित्ते?"

"सातपर्यंत तुमचे. हा आठवा."

"मंग दे."

तिनं माझ्या हातातून चपला घेतल्या आणि त्यांच्यापुढं ठेवल्या.

हसनाबादच्या स्टँडवर गुरुजी माझ्यासमोरच मुलीला म्हणाले, मुलगा खोटं बोलतो. ती म्हणाली, चार म्हणाला की. गुरुजी म्हणाले, विचारलं नसतं तर आठच राहिले असते.  गुरुजींनी होकार द्यायला पाच महिने घेतले. ते पाच महिने मी कुणालाही बिबट्या सांगितला नाही.

चाचांनी मला घराबाहेर काढलं नाही. त्यांनी त्याहून वाईट केलं. पुढच्या रविवारी सात वाजता मी पाण्याची बाटली भरून तयार होऊन बसलो. अंगणातून त्यांच्या पायांचा आवाज माझ्या दारावरून पुढं गेला, कडी वाजली, आणि ते एकटे गेले. त्याच्या पुढच्या रविवारीही. महिन्याभरानं त्यांनी मला पुन्हा न्यायला सुरुवात केली. मंदिरं दाखवली, बारवा दाखवल्या, जेवण वाटून खाल्लं, माझ्या थापांना हसले. पण दूर बार उडाले की ते थांबायचे, एकटेच मोजायचे आणि चालू लागायचे. विचारायचे नाहीत.

लग्नानंतर आम्ही त्याच खोलीत राहिलो. चाचांच्या पायाचं ड्रेसिंग माझी बायको करायची. दोन वर्षांत त्यांच्या डाव्या पायाचं एक बोट गेलं, मग दुसरं. अनवाणी चालायचं नाही, अशी तिची सक्त ताकीद होती. डोंगर सुटले. रविवारी सात वाजता ते अंगणात बाजेवर बसायचे, मी समोर ओट्यावर, आणि आम्ही त्या दगडांमध्ये कुठंही न जाता बसायचो. मी त्यांना नवीन रस्त्यानं दिसलेलं सांगायचो. वाढवून.

अशाच एका रविवारी, उन्हं वर आल्यावर, शहराबाहेरच्या खदानीत बार सुरू झाले. चाचांचं बोलणं थांबलं. सवयीनं त्यांनी चपला काढल्या, मधल्या फरशीवर दोन्ही पाय सपाट टेकवले आणि डोळे मिटले. बायको आतून बघत होती. तिनं टोकलं नाही.

मी मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच. मग रस्त्यावर एका ट्रकचा फाळका आपटला. सहावा बार होता की फाळकाच होता? मी श्वास धरून बसलो. पुढं काही आलं नाही.

चाचांनी डोळे उघडले. पायांकडं बघितलं, मग माझ्याकडं. बार मोजून झाल्यावर माझ्याकडं बघणं, हे त्या गुहेनंतर पहिल्यांदाच.

"कित्ते, किरायदार?"

तोंड सहा म्हणायला उघडलंच होतं. "पाच," मी म्हणालो. "सहाव्याची खात्री नाही. पाच."

मी त्यांच्या आकड्याची वाट बघत राहिलो. नियम तसाच होता, दोघांचे जुळायला हवेत. चाचांनी आकडा सांगितला नाही. त्यांनी पाय उचलले आणि चपला शोधू लागले. पाय चपलांच्या वरून गेले, बाजूनं गेले, एकदा अंगठा पट्ट्याला लागूनही गेला, त्यांना कळलं नाही.

मी खाली बसलो आणि एकेक पाय हातात घेऊन चपला घातल्या.